वाचकाचा अंदाज आणि वाचकाची निवड : खिदिरपूरचा संस्कृत छापखाना व अनुकूलनशील महाजाल

एकच मजकूर वेगवेगळ्या वाचकांपुढे वेगवेगळ्या रूपांत ठेवणे ही महाजालाच्या युगाची देणगी आहे, असा समज संगणकशास्त्राच्या परिघाबाहेरही रूढ झाला आहे. वाचकाची भाषा कोणती, विषयातील त्याची तयारी किती, त्याच्या हातातील यंत्राचा पडदा केवढा, तो कोठून आणि कोणत्या वेळी वाचतो आहे, याचा अदमास घेऊन पृष्ठाची घडण बदलणाऱ्या प्रणालींना ‘अनुकूलनशील’ प्रणाली म्हटले जाते. पीटर ब्रुसिलोव्हस्की यांनी १९९६ मध्ये या प्रणालींच्या पद्धतींचा विस्तृत आढावा घेतला आणि या अभ्यासाला स्वतंत्र शाखेचे स्वरूप येऊ लागले. त्यांनी अनुकूलनाचे दोन ढोबळ भाग केले होते : मांडणीचे अनुकूलन आणि मजकुरातून जाणाऱ्या वाटांचे अनुकूलन. पहिल्यात काय दाखवायचे व काय झाकायचे हे ठरते. दुसऱ्यात वाचकाने पुढे कोठे वळावे याची सूचना असते. दोहोंच्या मुळाशी वाचकाचे प्रतिमान असते, म्हणजे प्रणालीने वाचकाविषयी बांधलेला आणि वेळोवेळी दुरुस्त केलेला अंदाज.

तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला यात अनोळखी असे फारसे काही नाही. भाषांतर, टीका, संक्षेप, लिप्यंतर हे सारे व्यवहार वाचकाविषयीच्या अंदाजावरच उभे असतात. प्रश्न असतो तो हा अंदाज कोण बांधतो, तो कोठे नोंदवून ठेवतो आणि वाचकाला तो नाकारता येतो की नाही, एवढाच. भारतीय भाषांच्या संदर्भात या प्रश्नाची एक जुनी आणि बरीचशी दुर्लक्षित परीक्षा एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत कलकत्त्याच्या परिसरात होऊन गेली. तिचे एक केंद्र खिदिरपूर होते.

खिदिरपूरचे नाव आज घेतले जाते ते बंदरासाठी. तेथील गोदी १८९२ मध्ये सुरू झाली. बंगाली साहित्याचा वाचक मायकेल मधुसूदन दत्त, रंगलाल आणि हेमचंद्र वंद्योपाध्याय या कवींमुळे त्या वस्तीला ओळखतो. नागरी मुद्रणाच्या इतिहासातील तिचे स्थान मात्र ग्रंथसूचींच्या पानांपुरतेच उरले आहे. मिर्झापूरकडचा बाबूराम नावाचा एक ब्राह्मण कलकत्त्यास आला आणि १८०७ च्या सुमारास, हेन्री टॉमस कोलब्रुक यांच्या प्रोत्साहनाने, त्याने खिदिरपुरास ‘संस्कृत छापखाना’ काढला. एतद्देशीयाच्या मालकीचा, नागरी अक्षरांत संस्कृत ग्रंथ छापणारा हा पहिला छापखाना मानला जातो. तोवर नागरी टंक हे युरोपीय छापखान्यांच्या आणि सेरामपूरच्या मिशनच्या हाती होते. बाबूरामाने छापलेल्या ग्रंथांत हेमचंद्राचा कोश (१८०७), विज्ञानेश्वराची मिताक्षरा (१८१२), कुल्लूकभट्टाच्या टीकेसह मनुस्मृती (१८१३) आणि मल्लिनाथाच्या टीकेसह भारवीचे किरातार्जुनीय (१८१४) यांचा समावेश होतो. ही यादी पाहताच एक गोष्ट जाणवते. कोश सोडला तर यांतील प्रत्येक ग्रंथ स्वतः टीका आहे किंवा टीकेसह छापलेला आहे. मिताक्षरा म्हणजे याज्ञवल्क्यस्मृतीवरील टीकाच.

टीकेसह मूळ देण्याची ही रीत पोथीची. पोथीच्या त्रिपाठ मांडणीत मूळ श्लोक पानाच्या मध्यभागी, बहुधा मोठ्या अक्षरांत, आणि टीका त्याच्या वर व खाली असे. ज्याला श्लोक लागतो तो मध्यावरून नजर फिरवीत जातो. ज्याला अडते तो वर किंवा खाली उतरतो. मल्लिनाथाच्या टीकेचे नावच ‘घण्टापथ’, म्हणजे राजमार्ग. भारवीच्या वाणीला त्याने नारळाची उपमा दिली आहे आणि तो नारळ फोडून देणे हे आपले काम मानले आहे. तो अन्वय लावतो, समास सोडवतो, कोशाचा आधार देतो, अलंकार सांगतो. म्हणजे एका श्लोकाखाली निदान चार पातळ्यांच्या वाचकांची सोय असते. विद्यार्थी अन्वयापाशी थांबतो, वैयाकरण समासाशी वाद घालतो, आलंकारिक शेवटचे वाक्य वाचतो. कोणी कोठे थांबावे हे मल्लिनाथ ठरवीत नाही आणि बाबूरामही ठरवीत नाही. मूळ तर प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर असतेच.

याच ग्रंथांतील मिताक्षरेची हकीकत या दृष्टीने अधिक बोलकी आहे. कोलब्रुक यांनी तिच्यातील वारसाविषयक प्रकरणाचे इंग्रजी भाषांतर, जीमूतवाहनाच्या दायभागासह, १८१० मध्ये प्रसिद्ध केले. कंपनीच्या न्यायालयांतील इंग्रज न्यायाधीशाला वाटणीचे व वारसाचे तंटे निकालात काढावयाचे असत. आचार आणि प्रायश्चित्त यांच्याशी त्याला कर्तव्य नव्हते. म्हणून त्याला त्या अफाट ग्रंथातील एक प्रकरण मिळाले. दोन वर्षांनी बाबूरामाने संपूर्ण संस्कृत मिताक्षरा छापली, ती पंडितांसाठी. एकच ग्रंथ, दोन वाचक, दोन रूपे. पुढे झाले ते असे की, न्यायालयांच्या व्यवहारात इंग्रजी प्रकरणाचे वजन वाढत गेले आणि ‘मिताक्षरा’ या शब्दाचा कायद्यातील अर्थ वारसाहक्काची एक परंपरा एवढाच होऊन बसला. न्यायाधीशाच्या गरजेसाठी घेतलेला वेचा हाच ग्रंथ ठरला. दोन्ही रूपे बाजारात असली तरी दोघांच्या वाचकांना एकमेकांचे पान दिसत नव्हते, हे या घटनेचे मर्म होय.

खिदिरपूरच्या छापखान्याच्या शेजारी, फोर्ट विल्यम कॉलेजात, अनुकूलनाचा दुसरा प्रकार चालू होता. १८०० मध्ये वेलस्लीने स्थापन केलेल्या या कॉलेजापुढे वाचक एकच होता : कंपनीच्या नोकरीत नुकताच दाखल झालेला तरुण इंग्रज अधिकारी. त्याला देशी भाषा शिकवावयाच्या होत्या आणि त्यासाठी वाचण्याजोगे गद्य हवे होते. ते नव्हते, म्हणून ते घडवून घेण्यात आले. आग्र्याचे गुजराती ब्राह्मण लल्लूलाल यांनी चतुर्भुज मिश्र यांच्या ब्रजभाषेतील दशमस्कंधाच्या आधारे ‘प्रेमसागर’ रचला. त्याचे लेखन १८०३ च्या सुमारास सुरू झाले आणि संपूर्ण ग्रंथ १८१० मध्ये संस्कृत छापखान्यातून बाहेर पडला. फारसी-अरबी वळणाचे शब्द टाळून दिल्ली-आग्र्याच्या खडी बोलीत आपण हे लिहिले आहे, असे लल्लूलाल यांनी आरंभीच नमूद करून ठेवले. हा छापखाना पुढे त्यांच्याच हाती आला. रामचंद्र शुक्ल यांनी दिलेल्या वृत्तान्तानुसार कॉलेजातून निवृत्त होऊन आग्र्यास परतताना लल्लूलाल यांनी आपला छापखाना नावेत घालून सोबत नेला.

त्या आरंभीच्या कबुलीचे महत्त्व हिंदी-उर्दू वादाच्या धुरळ्यात पुष्कळदा हरवते. लल्लूलाल यांनी जे गाळले ते गाळले असे सांगितले. त्याच कॉलेजात त्याच काळात फारसी लिपीतील, फारसी शब्दांना सामावून घेणारे गद्यही लिहिले जात होते. हे अधिकाऱ्यांच्या अभ्यासक्रमाचे दोन कप्पे होते. भाषा दोन आहेत असा निवाडा त्यात अजून नव्हता. पण पुस्तक ज्या वाचकासाठी घडले त्याच्यापाशी थांबले नाही. प्रेमसागर घरोघरी वाचला जाऊ लागला, शाळांत लागला. १८५१ मध्ये ईस्टविक यांनी हर्टफर्डहून त्याची आवृत्ती काढली आणि तो पुन्हा इंग्रज परीक्षार्थींच्या हाती गेला. एका विशिष्ट शिकाऊ वाचकाचा अंदाज घेऊन केलेली शब्दनिवड ही हळूहळू भाषेचा नमुना मानली गेली. वाचकाच्या प्रतिमानातून खरा वाचक घडतो, हे येथे दिसते. संगणकशास्त्रज्ञ ज्याला प्रतिमानाचा अभिप्राय-चक्रात शिरकाव म्हणतात, त्याचे हे मंदगतीचे उदाहरण समजण्यास हरकत नाही.

मराठी या व्यवहारात कोठे होती? विल्यम केरी कॉलेजात बंगाली व संस्कृतबरोबर मराठीही शिकवीत. त्यांचे मराठी व्याकरण सेरामपूरला १८०५ मध्ये छापले गेले, ते नागरीत. १८१० च्या कोशात मात्र मोडी टंक आले. त्यानंतर पंडित वैजनाथ यांची पुस्तके निघाली : सिंहासन बत्तिशी (१८१४), हितोपदेश (१८१५), राजा प्रतापादित्याचे चरित्र (१८१६). ती सर्व मोडीत. यांतील अखेरचे पुस्तक तर रामराम बसू यांच्या १८०१ मधील बंगाली ग्रंथावरून घेतलेले. यशोहरच्या जमीनदाराची कथा मराठी शिकणाऱ्या इंग्रजापुढे मोडी अक्षरांत यावी, ही गोष्ट आज गमतीची वाटते. पण कॉलेजच्या दृष्टीने ती सोयीची होती. एक तयार मजकूर होता, तो दुसऱ्या भाषेच्या कप्प्यात भरावयाचा होता.

सिंहासन बत्तिशीचा प्रवास याहून रंजक आहे आणि तौलनिक अभ्यासाला तो फार सोयीचा आहे. अकबराच्या आज्ञेवरून बदाऊनीने सोळाव्या शतकात तिचे फारसी रूप केले. शाहजहानच्या काळात सुंदर कवीने ती ब्रजभाषेत आणली. फोर्ट विल्यमच्या उपक्रमात तीच कथा मृत्युंजय विद्यालंकार यांनी बंगालीत (१८०२), काझिम अली जवान व लल्लूलाल यांनी सुंदर कवीच्या आधारे हिंदुस्तानीत (१८०५) आणि वैजनाथ यांनी मराठीत मांडली. बारा वर्षांच्या अवधीत, काही कोसांच्या परिसरात, एका कथाचक्राची तीन भाषांत व तीन लिपींत रूपे सिद्ध झाली आणि तिन्हींचा अपेक्षित वाचक एकच होता. मराठीभाषक मराठी वाचक, बंगालीभाषक बंगाली वाचक हे या रचनेत धरलेलेच नव्हते. जे रूप ज्याच्या हाती पडायचे ते त्याच्या नेमणुकीच्या इलाख्यावरून ठरणार होते. अधिकारी मद्रासेस जाणार, बंगालात राहणार की पेशव्यांच्या दरबाराशी त्याचा संबंध येणार, यावर त्याने कोणती बत्तिशी वाचावी हे अवलंबून. आजच्या परिभाषेत याला संदर्भानुसार अनुकूलन म्हणता येईल.

मोडीची निवडही याच हिशेबातून झालेली दिसते. मराठी दफ्तर मोडीत होते. पत्रे, हिशेब, सनदा मोडीत. अधिकाऱ्याला वाचावयाचे होते ते हे कागद. तेव्हा त्याच्या पाठ्यपुस्तकाची लिपीही तीच असावी, यात तर्कदोष काहीच नाही. पण मराठी माणसाच्या वाचनात धर्मग्रंथ व काव्य बाळबोधीत आणि व्यवहार मोडीत अशी वाटणी पूर्वीपासून होती. कथा मोडीत छापल्याने ती या वाटणीच्या चुकीच्या बाजूला पडली. पुढे मुंबईकडे मराठी मुद्रण वाढले ते मुख्यतः बाळबोधीत. मोडी हाताने लिहिली जात राहिली, शिळाछापावरही आली, पण छापील ग्रंथाची लिपी ती झाली नाही. वैजनाथ यांची पुस्तके त्यामुळे वाङ्मयेतिहासाच्या पहिल्या प्रकरणात नावानिशी उल्लेखिली जातात आणि वाचली जात नाहीत. भाषा कृत्रिम, विषय उसने ही कारणे दिली जातात. ती खोटी नाहीत. तथापि लिपीचे कारण त्यांच्याहून कमी नाही. ज्या वाचकाच्या मापाने पुस्तक बेतले तो १८१८ नंतर निराळ्या कामाला लागला, आणि दुसऱ्या वाचकाला शिरता येईल असे दार पुस्तकाला ठेवलेले नव्हते.

अनुकूलनाच्या शास्त्रात एक भेद केला जातो, तो येथे उपयोगी पडतो. प्रणाली स्वतःच्या अंदाजाने रूप बदलते तेव्हा ती अनुकूलनशील. वाचक स्वतः रूप बदलून घेतो तेव्हा ती अनुकूलनीय. कॉलेजचे पुस्तक पहिल्या जातीचे आणि बाबूरामाचे किरातार्जुनीय दुसऱ्या जातीचे, असे म्हणता येईल. अर्थात हे साम्य फार ताणू नये. कॉलेजचा अंदाज एका वर्गाविषयी होता, एकदा बांधला की छापून मोकळा होणारा. जालावरील प्रणाली एकेका व्यक्तीविषयी अंदाज बांधते आणि वाचन चालू असतानाच तो बदलते. शिवाय वैजनाथांना आपला वाचक वर्गात प्रत्यक्ष दिसत होता. यंत्राला दिसतात त्या केवळ त्याच्या खुणा. असे असूनही भेद टिकतो, कारण तो तंत्राचा नाही. रूप ठरविण्याचा अधिकार कोणाकडे, याचा आहे.

महाजालाच्या आरंभीच्या संशोधनात दोन्ही वाटा दिसतात. टेड नेल्सन यांनी १९६० च्या दशकात ‘हायपरटेक्स्ट’ या शब्दाबरोबरच लांबवता-आखडता येणाऱ्या मजकुराची कल्पना मांडली होती. वाचकाने एखाद्या वाक्यावर खूण केली की ते विस्तारते, पुन्हा केली की मिटते. पोथीतल्या टीकेशी तिचे नाते उघड आहे. १९९४ च्या ‘मेटाडॉक’ प्रणालीने ही कल्पना घेतली, पण वाचक नवशिका की जाणता हे ओळखून मजकूर कितपत उघडा ठेवायचा हे आधी स्वतः ठरविले. मात्र तो पुढे उघडण्याची वा मिटण्याची मुभा वाचकाला राहिली. पुढील काळात व्यवहारात फैलावले ते हे नव्हे. पडद्याच्या आकारानुसार मांडणी बदलण्याचे तंत्र ईथन मार्कॉट यांच्या २०१० च्या लेखानंतर सर्वत्र झाले. ते निरुपद्रवी आहे आणि त्याविषयी अधिक लिहिण्याचे कारण नाही. याउलट शोधयंत्रांचे निकाल व्यक्तीनुसार बदलू लागले. गूगलने डिसेंबर २००९ पासून खाते न उघडलेल्या वाचकांनाही ते लागू केले. त्यात वाचकाला न दिसलेले निकाल कोणते, हे त्याला सहज कळत नसे.

भाषेच्या बाबतीत महाजालाच्या मूळ संकेतातच वाटाघाटीची तरतूद आहे. ब्राउजर पृष्ठ मागतो तेव्हा वाचकाला कोणत्या भाषा चालतील आणि कोणत्या क्रमाने, हे तो एका शीर्षओळीत कळवितो. सर्व्हर त्यातून उपलब्ध असलेले रूप निवडतो. ही तरतूद १९९० च्या दशकातील एचटीटीपी संकेतांपासून आहे आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सुधारित मसुद्यातही कायम आहे. कागदावर ती आदर्श वाटते. व्यवहारात ही यादी वाचक क्वचितच भरतो; ती ब्राउजरच्या किंवा यंत्राच्या भाषेवरून आपोआप भरली जाते. मराठी वाचकांपैकी ज्यांचे यंत्र इंग्रजीत चालते, त्यांच्या वतीने ते यंत्र जगाला सांगत राहते की या गृहस्थांना इंग्रजी हवी. मराठी रूप उपलब्ध असूनही ते पुढे येत नाही, आणि ते मागितले जात नाही म्हणून त्याची गरज नाही असा निष्कर्ष निघतो. इलाख्यावरून पुस्तक ठरविण्यासारखाच हा प्रकार आहे.

अक्षरांच्या पातळीवर मराठीचा अनुभव आणखी सूक्ष्म आहे. युनिकोडमधील नागरीचा विभाग १९८८ च्या इस्की संकेतनाच्या पायावर रचला गेला आणि हिंदी, मराठी, नेपाळी, संस्कृत, कोंकणी या भाषांना त्यात एकच वर्णसंच मिळाला. हे योग्यच झाले. परंतु मराठीत ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांत अर्थाचा फरक आहे, आणि तो रफार की डोळ्याच्या पापणीसारखा अर्धा र यावर अवलंबून आहे. युनिकोडमध्ये हा फरक वर्णक्रमातच नोंदवता येतो. मजकूर कोठेही उचलून न्या, स्वयंपाकी आणि गुरू यांची गल्लत होत नाही. ‘ल’ आणि ‘श’ यांची गोष्ट निराळी. मराठी वळणाचा ल आणि हिंदी वळणाचा ल यांना संकेतांक एकच. कोणते वळण दिसावे हे ठरते मजकुराबाहेर. पृष्ठावर भाषेची खूण मराठी असेल आणि टंकात मराठीसाठी पर्यायी आकार ठेवलेले असतील, तरच ओपनटाइप टंक ते वापरतो. खूण नसेल तर टंक आपल्या मूळ वळणावर जातो. महाराष्ट्र शासनाने २००९ च्या निर्णयात, आणि नंतर २०२२ च्या सुधारित निर्णयात, वर्णमाला व अक्षरांची वळणे निश्चित केली. पण निर्णय वळण सांगू शकतो, प्रत्येक पृष्ठावर खूण लावू शकत नाही.

आकाराच्या या प्रश्नाकडे प्रादेशिक अभिमान म्हणून पाहिले जाते, आणि तसे पाहणारे दोन्ही बाजूंना आहेत. अभ्यासकाने त्यात जे पाहावयास हवे ते असे : ज्या बाबी मजकुरात नोंदवल्या जातात त्या प्रवासात टिकतात, ज्या मजकुराबाहेर, प्रणालीच्या अनुमानात राहतात त्या पहिल्याच नकलेत गळून पडतात. संपादकाने मूळ आवृत्तीचे वळण जपण्यासाठी कितीही काळजी घेतली तरी वाचकाने परिच्छेद उचलून दुसरीकडे ठेवला की त्या काळजीचा मागमूस राहत नाही.

खिदिरपूरच्या पूर्वेस लागूनच अलीपूर आहे. तेथील बेल्व्हेडिअर वास्तूत राष्ट्रीय ग्रंथालय १९५३ मध्ये जनतेसाठी खुले झाले. १९५४ च्या ग्रंथप्रदान कायद्यानुसार देशभरातून येणाऱ्या ग्रंथांच्या नोंदी करून राष्ट्रीय ग्रंथसूची काढण्याचे काम त्याच आवारातील केंद्रीय संदर्भ ग्रंथालयाने हाती घेतले. बी. एस. केशवन यांच्या मार्गदर्शनाखाली १९५७ च्या अखेरच्या तिमाहीपासून ही सूची सुरू झाली. तिच्यापुढील पेच खिदिरपूरच्या मुद्रकाला ओळखीचा वाटला असता. सर्व भारतीय भाषांतील नोंदी एका क्रमात लावावयाच्या तर लिपी कोणती? उत्तर म्हणून रोमन घेतली गेली, खाली-वर चिन्हे जोडून. कलकत्त्याच्या ग्रंथालयाच्या नावाने ओळखली जाणारी ही लिप्यंतरपद्धती भारतविद्येच्या अभ्यासकांत आजही चालते. त्याचबरोबर त्या त्या भाषेचे भाग त्यांच्या लिपीत काढण्याचा उपक्रमही झाला. म्हणजे एका नोंदीची दोन रूपे : देशाच्या ग्रंथपालासाठी रोमन, भाषेच्या वाचकासाठी स्वलिपी. रोमन रूप कोणाचेच नव्हते, म्हणून ते सर्वांना सारखेच परके होते. अशा सूचीत मराठी, बंगाली व तमिळ ग्रंथ एकाच विषयाखाली शेजारी बसतात, आणि ते लिपीच्या क्रमाने लावल्यास जे दिसले नसते ते दिसते. अनुकूलन न करण्याचाही काही लाभ असतो, तो हा.

लिपी हे प्रदर्शनाचे रूप आणि मजकूर त्यामागे एकच, ही कल्पना जालावर काही ठिकाणी प्रत्यक्षात आली आहे. सर्बियन विकिपीडियात एकच लेख वाचकाच्या इच्छेनुसार सिरिलिक किंवा लॅटिन लिपीत दिसतो; चिनी विकिपीडियात सुलभ व पारंपरिक अक्षरांचे तसेच. दोन्ही ठिकाणी निवडीची कळ पृष्ठावर उघड असते. २०१४ मध्ये मोडी लिपी युनिकोडमध्ये समाविष्ट झाली. तेव्हापासून सेरामपूरची मोडी पुस्तके त्यांच्याच लिपीत संकेतबद्ध करून वाचकाला बाळबोधीत दाखविणे तत्त्वतः शक्य झाले आहे. तत्त्वतः म्हणण्याचे कारण असे की मोडीत ह्रस्व-दीर्घ इकार-उकारांचा भेद सहसा पाळला जात नाही. बाळबोधीतून मोडीत जाणे यंत्राला सोपे. मोडीतून बाळबोधीत येताना ‘दिन’ की ‘दीन’, ‘सुत’ की ‘सूत’ हे कोणीतरी अर्थ पाहून ठरवावे लागते. हस्तलिखितांत तर शब्दही सुटे नसतात. तेव्हा जतन करावयाचे ते मोडी रूप, आणि बाळबोध रूपात संपादकाने जेथे निर्णय घेतला तेथे तो खुणेने दाखवावयाचा, असा क्रम पाळणे भाग आहे. उलट क्रम धरला आणि केवळ बाळबोध रूप साठवले, तर संपादकाचा अंदाज मूळ म्हणून नांदू लागेल. मिताक्षरेच्या बाबतीत असेच झाले होते.

तौलनिक अभ्यासाला या साऱ्याची झळ अवतरणाच्या जागी लागते. दोन अभ्यासक एका ग्रंथाच्या दोन आवृत्तींवर वाद घालू शकतात, कारण आवृत्ती नावाने, सालाने व पृष्ठांकाने ओळखता येते. अनुकूलनशील पृष्ठाला एकच पत्ता असतो आणि त्या पत्त्यावर दोघांना दोन मजकूर मिळू शकतात. जालपृष्ठांचे संग्रह करणाऱ्या संस्थांकडूनही येथे पूर्ण आधार मिळत नाही. १९९६ मध्ये सुरू झालेल्या इंटरनेट आर्काइव्हसारख्या संग्रहात साठते ते त्याच्या स्वयंचलित वाचकाला त्या क्षणी मिळालेले रूप. त्या वाचकाची भाषा, त्याचा प्रदेश, त्याचे पूर्वचरित्र हे कोणाही माणसाचे नसते. लल्लूलाल यांचा प्रेमसागर दोनशे वर्षांनंतर वाचणाऱ्याला त्यातील शब्द कोणत्या धोरणाने निवडले हे पहिल्याच पानावर कळते, आणि म्हणून त्या धोरणाशी भांडता येते.

एचटीटीपी संकेतात अशा निवेदनासाठीही एक जागा आहे. सर्व्हरने उत्तर कोणत्या गोष्टी पाहून निवडले, वाचकाची भाषा की त्याचा ब्राउजर, हे त्याने ‘व्हेरी’ या शीर्षओळीत कळवावे, असा नियम १९९७ च्या मसुद्यापासून आहे. ती ओळ लिहिली गेली वाटेवरच्या साठवण-यंत्रांसाठी, एका वाचकासाठी साठवलेले रूप दुसऱ्याच्या हाती जाऊ नये म्हणून. पृष्ठ वाचणाऱ्याला ब्राउजर ती दाखवत नाही. तिच्यात वाचकाच्या कोणत्या खुणा विचारात घेतल्या याची नावे असतात, त्या खुणांवरून काय अनुमान काढले ते नसते. आणि ज्या अनुमानासाठी वाचकाचा मागील वावर वापरला जातो, त्याची नोंद बहुतांशी प्रणालीच्या मालकाकडेच राहते. ग्रंथाची प्रमाणित आवृत्ती काढणारा संपादक आज जालावरील आवृत्तीचे वर्णन लिहू लागला, तर दिनांक आणि पत्ता यांच्यापुढे त्याला भाषेची खूण, लिपी, टंक, आणि पृष्ठ कोणत्या विनंतीला उत्तर म्हणून आले, एवढे तरी लिहावे लागेल. वर्णनात्मक ग्रंथसूचीच्या रूढ नमुन्यांत यांतील पहिल्या दोहोंना जागा सापडते. उरलेल्या दोहोंसाठी रकाना पाडावा लागणार आहे.